लेबर रूम न सोडता संशोधन : एका स्टाफ नर्सच्या प्रश्नाला उत्तर

सिस्टर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून रत्नागिरीकडच्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं करताय आणि सुरक्षित प्रसूतीवर संशोधन करायचंय. त्यासाठी लेबर रूम सोडावी लागेल का, असं विचारलंत. माझं मत, सोडू नका. खरे प्रश्न तिथेच सापडतात.

आंबोली घाट चढलात की बेळगाव. त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम (गावपातळीवर बाळंतपणं करणाऱ्या) सिस्टरांनी बाळंतपणं करत १६२० बायकांचा अभ्यास पार पाडला, तो २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळ झाल्यावर लगेच मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध तोंडाने दिलं, तर जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आलं. मला त्यातलं मोजमाप फार मोलाचं वाटतं. बाळंतिणीखाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं. नुसत्या नजरेने आपण कमीच धरतो, आणि ५०० मिलिलिटर, म्हणजे जास्त रक्तस्रावाची हद्द, कधी ओलांडली ते कळत नाही. अशीच पिशवी आणि ठरलेले उपचार लगेच, एकत्र देऊन आफ्रिकेतल्या चार देशांत ई-मोटिव्ह अभ्यास झाला (२०२३). तिथे गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं.

उत्तर प्रदेशातला सुरक्षित प्रसूतीच्या चेकलिस्टचा मोठा अभ्यासही वाचाच. सिस्टरांचं काम सुधारलं, पण माता-बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. रकाने भरले म्हणजे बाळंतीण सुखरूप, असं धरून चालत नाही.

आता आपल्याकडचं. मुंबईत नाव नोंदवलेली लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते आणि फाईल तिकडेच राहते. हिमोग्लोबिन, रक्तगट, आधीचं सिझर, यातलं काय काय कळा सुरू व्हायच्या आत तुमच्या हाती येतं? हा प्रश्न कोकणातल्या सिस्टरलाच सुचेल, तुम्ही तो घ्यावा असं मनापासून वाटतं. दुसरा प्रश्न ऑक्सिटोसिनचा, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनचा. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. पावसाळ्यात लाईट गेली की फ्रिजमध्ये किती अंश होतात, ते लिहायला लागा.

शिक्षणाचं म्हणाल तर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांतला १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी (बाळंतपणाच्या कामातलं खास प्रशिक्षण) कोर्स बघा. एमएस्सी काय, पुढे कधीतरी करता येईल.

केंद्रातली सुधारणा म्हणून आकडे ठेवायचे तर मेडिकल ऑफिसरना सांगून सुरू करा. बाळंतिणींची नावं मात्र रजिस्टरबाहेर नेऊ नका. पुढे अभ्यास म्हणून छापायचं मनात असेल तर नैतिकता समितीची परवानगी पहिल्या नोंदीच्या आधीच घ्या.