छोट्या मराठी साइटची कमाई नेमकी कुठे अडते?

एकाच विषयाला वाहिलेली छोटी साइट, तिच्यावर गुगल ॲडसेन्सच्या जाहिराती आणि ॲमेझॉनसारख्या दुकानांच्या कमिशनच्या लिंक, या धंद्याबद्दल आलेले प्रश्न यावेळी घेतले आहेत. बरेच प्रश्न गच्चीवरच्या बागेच्या साइटबद्दल आहेत, म्हणून उदाहरणेही तिथलीच दिली आहेत. विषय दुसरा असला तरी हिशेब तोच राहतो.

प्रश्न (नाशिक): गच्चीवरच्या बागेवर माझी मराठी साइट आहे. ४२ लेख झालेत. ॲडसेन्सने दोनदा 'कमी मूल्याचा मजकूर' असे कारण देऊन अर्ज नाकारला. अप्रूव्हलसाठी आणखी किती लेख लागतील?

एकही नवा लेख नको. तुम्ही पाठवलेल्या यादीत एकट्या टोमॅटोवर नऊ लेख आहेत. टोमॅटो कसा लावावा, टोमॅटोला पाणी किती, टोमॅटोचे फायदे, आणि प्रत्येक लेख तीनशे शब्दांचा. वाचणाऱ्याला एका कुंडीसाठी नऊ दारे ठोठवावी लागतात. या नऊंचे दोन लेख करा: एक लागवडीचा, एक रोग-किडींचा. उरलेल्या सात पत्त्यांवरून या दोन लेखांकडे ३०१ रीडायरेक्ट (जुनी लिंक उघडणाऱ्याला कायमचे नव्या पानावर नेणारी सोय) लावा. नुसते डिलीट केले तर त्या पानांनी गुगल शोधात आजवर जे थोडेफार स्थान कमावले आहे तेही जाते.

मग सर्च कन्सोल (साइट गुगल शोधात कशी दिसते ते सांगणारे गुगलचे साधन) उघडून पानांचा अहवाल बघा. 'क्रॉल केले, पण सध्या इंडेक्स केलेले नाही' या गटात, म्हणजे गुगलने वाचून शोधात न घेतलेली, किती पाने आहेत ते मोजा. त्यात टॅगची आणि तारखेची रिकामी पाने निघाली तर त्यांना नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका, अशी सूचना) लावा. तुमचे लेखच निघाले, तर ते लेख दुसरीकडे मिळते तेच सांगत आहेत असे समजा. इंग्रजी लेख यंत्राने मराठीत उतरवला की हमखास असे होते. 'मातीचा निचरा चांगला असावा' हे वाक्य हजार ठिकाणी आहे. त्याऐवजी मापे द्या. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजवली की फुलून साधारण सत्तर लिटर होते. बारा बाय बारा इंची ग्रो बॅगमध्ये वीस-एकवीस लिटर मिश्रण मावते. एक तृतीयांश कोकोपीट धरले तर एका विटेत दहा बॅगा निघतात. हे वाचून माणूस दुकानात जाऊन नेमके सामान आणू शकतो.

आपल्याबद्दल, संपर्क आणि गोपनीयता धोरण ही पाने हवीतच. जाहिरातींसाठी कुकीज वापरल्या जातात हे गोपनीयता धोरणात सांगावे लागते. एवढे झाल्यावर लगेच पुन्हा अर्ज करू नका. बदललेली पाने गुगलने पुन्हा वाचल्याचे सर्च कन्सोलमध्ये दिसू लागले की करा.

प्रश्न (सांगली): महिन्याला १८,००० पेज व्ह्यूज आहेत आणि हाती येतात ११ डॉलर. इंग्रजीवाले एवढ्याच ट्रॅफिकवर कितीतरी जास्त कमावतात. कुठे चुकते आहे?

आधी भाग पाडून बघू. ११ भागिले १८,०००, गुणिले १,०००, म्हणजे तुमचा आरपीएम (हजार पेज व्ह्यूजमागची कमाई) ०.६१ डॉलर. समजा या व्ह्यूजवर २०० क्लिक आले, तर क्लिकचे प्रमाण १.१ टक्का झाले आणि एका क्लिकचे साडेपाच सेंट. यात क्लिक कमी नाहीत, दर कमी आहे. म्हणून जाहिराती वाढवून तुमचा प्रश्न सुटणार नाही. आणखी चार जागा भरल्यात तर पान जड होईल आणि वाचक निघून जाईल.

दर ठरतो लिलावात. पान उघडताच त्या वाचकासाठी बोली लागते आणि ती दोन गोष्टींवर ठरते: वाचक कुठे बसला आहे आणि तो काय शोधत आला आहे. तुमचा तोच मराठी लेख सांगलीत उघडला तर बोली इथल्या जाहिरातदारांची, न्यू जर्सीत उघडला तर तिथल्यांची. शिवाय मराठी पानांसाठी मुद्दाम जाहिरात देणारे अजून कमी आहेत, त्यामुळे लिलावात स्पर्धा थोडी. जाहिरातदाराने दिलेल्या शंभर रुपयांतले साधारण ६८ तुमच्यापर्यंत येतात आणि तो वाटा भाषेने बदलत नाही. आणखी एक बदल लक्षात असू द्या. २०२४च्या सुरुवातीपासून ॲडसेन्सचा हिशेब मुख्यतः क्लिकवर न होता जाहिरात दिसण्यावर होतो. त्यामुळे वाचक जिथे थांबून वाचतो तिथली जाहिरात आता जास्त मोलाची. पानाच्या तळाशी, जिथे कोणी पोचत नाही, तिथे लावलेली नावालाच.

ॲडसेन्समध्ये पानानुसार अहवाल काढा. बहुतेक साइटवर चार-पाच पानेच निम्म्याहून अधिक कमावतात आणि ती सर्वाधिक वाचली जाणारी असतातच असे नाही. 'तुळशीचे महत्त्व' हा लेख पाच हजार जण वाचतील, पण त्यातला कोणी काही विकत घ्यायला निघालेला नाही. 'गच्चीला वॉटरप्रूफिंग आधी की बाग आधी' हा लेख पाचशे जण वाचतील, पण त्यांच्या हातात कंत्राटदाराचे कोटेशन आहे. बोली लागते ती दुसऱ्या लेखावर. पुढचे दहा लेख या दुसऱ्या जातीचे लिहा.

मोबाइलवर जाहिरात उशिरा उतरली की मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचे बोट भलत्याच ठिकाणी पडते. जाहिरातीच्या चौकटीला आधीच उंची द्या: ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर किमान २५० पिक्सेल. सीएलएस, म्हणजे पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचे माप, ०.१ च्या आत राहिला पाहिजे. आणि जानेवारीत कमाई घसरली तर घाबरू नका. दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत जाहिरातदारांचे बजेट ओसंडत असते, नव्या वर्षात ते हात आखडतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): साइटचा पत्ता, म्हणजे लेखाची लिंक, देवनागरीत ठेवावी का?

रोमन अक्षरांत ठेवा. लिंक पाठवताना देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाची टक्केचिन्हे धरून नऊ चिन्हे होतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे बावीस अक्षरचिन्हांत पत्ता संपतो आणि शब्द मध्येच तुटतो. व्हॉट्सॲपवर तर ती लिंक टक्केचिन्हांची माळ दिसते आणि लोक तिला व्हायरस समजतात. शीर्षक आणि मजकूर अर्थातच मराठीत.

प्रश्न (पुणे): ॲमेझॉनच्या लिंकवर महिन्यात ४०० क्लिक आले, कमिशन जवळपास शून्य. सहा महिन्यांनी खातेही बंद झाले. माझा लेख 'गच्चीसाठी १० सर्वोत्तम ठिबक संच' असा आहे.

खाते बंद होण्याचे कारण सरळ आहे. नव्या खात्यावर १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी त्यात धरत नाहीत, घरच्यांकडून करवून घेतलेलीही नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण लिंक नव्या खात्याच्या लावाव्या लागतील. म्हणून आधी लेख दुरुस्त करा, मग अर्ज. १८० दिवसांचे घड्याळ रिकाम्या साइटवर सुरू करू नका.

आता लेखाबद्दल. दहा संचांची यादी वाचून माणूस अधिक गोंधळतो आणि 'नंतर बघू' म्हणतो. लिंकची मुदत २४ तासांची आहे. तेवढ्यात वस्तू कार्टमध्ये गेली नाही, तर त्याने परवा घेतली तरी तुम्हाला काही नाही. तुमच्या वाचकाला दहा संच नकोत. त्याच्या वीस कुंड्यांना काय लागेल ते हवे आहे. म्हणून लेख असा मांडा: १६ मिमीची मुख्य नळी, ४ मिमीची बारीक नळी, पंच, शेवटची टोपी, गाळणी, तासाला दोन लिटरचे वीस ड्रिपर. पंधरा मिनिटे चालवले की प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर, एकूण दहा लिटर पाणी.

आणि इथे ती गोष्ट सांगा जी विकणारा सांगत नाही. गच्चीवरची टाकी नळीपेक्षा एक मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.१ बार. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखे सोडणारे) ड्रिपर एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेचे) बरेच टायमरही इतक्या कमी दाबावर काम करत नाहीत. तिथे बॉल व्हॉल्व्हचा (आतला गोळा फिरून उघडणाऱ्या झडपेचा) टायमर लागतो आणि पाणी कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर. हे न सांगता तुम्ही सोलेनॉइड टायमरची लिंक दिलीत, तर माणूस तो घेतो, पाणी येत नाही, आठ दिवसांत परत करतो. परत आलेल्या वस्तूचे कमिशन रद्द होते. तुमच्या शून्याचे एक कारण परत गेलेल्या ऑर्डरी असू शकतात. अहवालात ऑर्डर आणि परतावा वेगवेगळे दिसतात, तिथे बघा.

अंदाजासाठी हिशेब: ४०० पैकी शंभरी तीन जणांनी १,८०० रुपयांचा संच घेतला आणि कमिशन पाच टक्के धरले, तर १२ ऑर्डरींचे १,०८० रुपये. कमिशन कर वगळून उरलेल्या किमतीवर मिळते आणि दर वस्तूच्या गटानुसार बदलतो, तेव्हा प्रत्यक्षात यापेक्षा कमीच धरा.

किंमत लेखात हाताने लिहू नका. ती केव्हाही बदलते आणि चुकीची किंमत दाखवणे नियमात बसत नाही. दुकानाचे फोटो उतरवून लावणेही तसेच, स्वतः काढलेला फोटो लावा. लिंकला स्पॉन्सर्डचा रेल टॅग (ही कमाईची लिंक आहे हे गुगलला सांगणारी कोडमधली खूण) द्या, गुगलने तो २०१९ मध्ये आणला आहे. लिंकमधून खरेदी झाल्यास आपल्याला कमिशन मिळते, हे पहिल्या लिंकच्या वर, मराठीत, दिसेल अशा अक्षरांत लिहा. तळाशी बारीक इंग्रजीत लिहिलेले चालणार नाही. वाचक तुमच्यावर विसंबून पैसे खर्च करतो आहे, त्याला हे कळण्याचा हक्क आहे.

प्रश्न (कोल्हापूर): हॉस्टेलच्या मित्रांनी 'मदत' म्हणून माझ्या जाहिरातींवर क्लिक केले. ॲडसेन्स खाते बंद पडले. नवीन काढू का?

नाही. बंद केलेल्या खात्याच्या माणसाने दुसरे काढणे नियमबाह्य आहे, आणि ते पत्ता, बँक खाते यांवरून ओळखले जाते. आधी ॲडसेन्सकडून आलेले पत्र नीट वाचा. जाहिराती मर्यादित केल्या आहेत, ३० दिवसांसाठी थांबवल्या आहेत की खाते कायमचे बंद आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींत थांबणे एवढाच उपाय. तिसऱ्यात अपील करता येते. अपिलात जे घडले ते जसेच्या तसे लिहा: कोणत्या तारखांना, कोणत्या वायफायवरून, किती जण, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. 'मला काहीच माहीत नाही' अशा अपिलाने काही साधत नाही. अडकलेली रक्कम जाहिरातदारांना परत दिली जाते, ती मिळेल असे धरू नका.

प्रश्न (लातूर): पिनचे पत्र दोन महिने झाले तरी आले नाही.

कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळण्यासाठी ॲडसेन्सचा सहा आकडी पिन साध्या टपालाने निघतो आणि साधारण दोन ते चार आठवडे घेतो. पत्ता बँकेतला नको, पोस्टमनला कळेल असा लिहा: घराचे नाव, गल्ली, जवळची खूण, पिनकोड. मग नवा पिन मागवा आणि तुमच्या भागाच्या पोस्टमनला सांगून ठेवा. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. बदली पिनही आले नाहीत तर ओळखपत्र अपलोड करण्याची सोय मिळते.

प्रश्न (ठाणे): एआयकडून ३०० लेख लिहून घेतले. आधी ट्रॅफिक चढले, आता जवळजवळ काही नाही.

मार्च २०२४ मध्ये गुगलने 'मोठ्या प्रमाणावर मजकूर तयार करून केलेला गैरवापर' हा स्पॅमचा वेगळा प्रकार धरला. लेख यंत्राने लिहिले की माणसाने, हा त्यात मुद्दा नाही. शोधात वर येण्यासाठी वाचकाला उपयोग नसलेली पाने ढिगाने टाकणे, हा मुद्दा आहे. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गुगलच्या माणसाने तपासून केलेली कारवाई, आहे का बघा. असेल तर पाने काढून पुनर्विचाराची विनंती करा. नसेल तर घसरण आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने केली आहे, आणि दुरुस्तीचा परिणाम दिसायला पुढच्या मोठ्या अपडेटपर्यंत थांबावे लागू शकते. ज्या पानांना वर्षभरात एकही क्लिक नाही ती काढा. उरलेल्यांतून तुम्ही स्वतः हाताळलेला विषय असलेली वीस निवडा आणि पुन्हा लिहा. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल शोधाच्या वरच एआयचे उत्तर दाखवते, त्यामुळे 'गांडूळखत म्हणजे काय' यासारख्या लेखांवर आता वेळ घालवू नका.

प्रश्न (पणजी): कराचे काय? ॲडसेन्स आणि ॲमेझॉन दोन्हीकडून मिळून वर्षाला तीन लाख येतात.

दोन्ही उत्पन्ने धंद्यात दाखवा. डोमेन, होस्टिंग, इंटरनेटचा वाटा, लेखकांना दिलेले पैसे हा खर्च वजा होतो, पावत्या ठेवा. पण कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडीची ठोक पद्धत (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून कर भरण्याची सोय) लागू होत नाही. इथे अनेकांचे रिटर्न चुकते. ॲडसेन्सचे पैसे परदेशातून येतात. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले त्याचा कोड, विचारेल, तिथे जाहिरात सेवा सांगा आणि रक्कम जमा झाल्याचा दाखला दरवेळी मागून घ्या. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची, तुम्ही तिच्या बऱ्याच आत आहात. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कराचा पहिला हप्ता १५ जूनला.

कमिशनवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला. तुमच्या पत्रात मात्र २० टक्के कापल्याचे दिसते, म्हणजे खात्यात पॅन भरायचा राहिला आहे. तो आजच भरा. आधी कापलेला कर पॅनशिवाय जमा झाल्यामुळे तुमच्या २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद) दिसणार नाही. कापणाऱ्या कंपनीकडे पॅनची प्रत पाठवून त्या तिमाहीचे टीडीएस विवरण दुरुस्त करून मागा, आणि ती नोंद दिसल्यावरच रिटर्न भरा.