एमबीबीएसची मुलं एथिक्सचा तास मनावर का घेत नाहीत? हे संस्कार घरूनच यायला हवेत ना?

तुमच्या मुलीला सोलापुरात एमबीबीएसला प्रवेश मिळालाय. सीनियर तिला सांगतात की एटकॉमचा, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा तास फक्त हजेरीपुरता असतो. तुम्ही विचारताय की असं का, आणि हे घरूनच यायला नको का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. दुसऱ्यावर माझं बऱ्याच जणांशी जुनं भांडण आहे.

एटकॉम २०१९च्या बॅचपासून अभ्यासक्रमात आलं. सगळ्या वर्षांचे मिळून २७ मॉड्यूल. पण मुलांचं सगळं लक्ष पीजीच्या सीटवर, आणि तिथे याचं वजन नगण्य. लॉगबुकात रिफ्लेक्शन लिहायचं असतं: काय घडलं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. एकाने लिहिलेलं व्हॉट्सॲपवरून अख्ख्या बॅचच्या वहीत उतरतं आणि सही करणारेही न वाचता सही करतात. हीच मुलं पहिल्या वर्षी देहदानाच्या मृतदेहापुढे शपथ घेताना मनापासून गंभीर असतात. म्हणजे मुळात भावना असते. ती पुढे वॉर्डात झिजते.

कशी झिजते ते संमतीपत्रात दिसतं. समजा, सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई, घरात तेलुगू बोलणारी. सकाळच्या लिस्टवर तिचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन. रात्री इंटर्न इंग्रजी फॉर्म घेऊन येतो, ‘उद्या ऑपरेशन आहे, इथे सही करा’ म्हणतो, नवरा सही करतो. पर्यायी उपचारांची ओळ कोरीच. बाई कॉटवर बसून नुसती बघतेय.

इथे तीन गोष्टी चुकल्या. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिनेच द्यायची. नवरा फार तर साक्षीदार. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केलं. लॅपरोस्कोपीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. तातडी नव्हती, म्हणून ती संमती कोर्टाने ग्राह्य धरली नाही. दुसरं, समजावायचं काम ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं. ज्या इंटर्नने ते ऑपरेशन धड पाहिलेलंही नाही तो धोके काय सांगणार? तिसरं, भाषा.

नीट करायचं तर खुर्ची ओढून बसायचं. दुभाषी म्हणून तेलुगू येणारी सिस्टर किंवा वॉर्डातली कामगार मावशी घ्यायची. सासू किंवा शाळकरी मुलगी नको; सासू तिला हवं तेवढंच सांगते, आणि मुलीपुढे बाई पाळीबद्दल बोलत नाही. आजार काय, काय काढणार, रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा मूत्राशयाला इजा होऊ शकते, गोळ्या किंवा हार्मोनचं साधन चालेल का, काहीच नाही केलं तर काय होईल, हे सगळं सांगायचं. मग ‘समजलं का?’ विचारायचं नाही, कारण त्यावर सगळेच मान हलवतात. ‘घरी बहिणीला काय सांगाल?’ असं विचारायचं. तेव्हा कळतं की पिशवी ‘साफ’ करणार आहेत आणि पाळी पुन्हा येणार, असं तिला वाटतंय. मग पुन्हा पहिल्यापासून. भूल आणि रक्त देण्याची संमती वेगळी. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही, दुभाष्याचं नाव, तारीख आणि वेळ. १५ मिनिटांचं काम आहे.

यातलं कुठलं पाऊल घरून येतं? सोलापुरात हा वाद निघाला की कोणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव घेतंच. १९३८ मध्ये हा माणूस चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांचं नाव घेऊन ‘चांगुलपणा रक्तात असावा लागतो’ म्हणणारे शिकवण्याची जबाबदारी झटकतात, एवढंच. कनवाळू माणूससुद्धा नवऱ्याची सही घेऊन मोकळा होतो, कारण त्याला कोणी दुसरं दाखवलेलंच नसतं. टाके घालायला शिकवतो तसं हे हात धरून शिकवावं लागतं, तेही वॉर्डात, लेक्चर हॉलमध्ये नाही.

सगळे युनिट असे नसतात, हेही सांगतो. काही ठिकाणी सर-मॅडम स्वतः बसून संमती घेतात, आणि त्यांची मुलं वेगळी निघतात. शिवाय सरकारी वॉर्डात एकेका रेसिडेंटवर इतके पेशंट असतात की १५ मिनिटं काढणं खरोखर अवघड जातं. अत्यवस्थ पेशंटचे नियम वेगळे. तिथे जीव आधी.

मुलीला सांगा, पहिल्या वर्षातच तेलुगू आणि कन्नडची वीसेक वाक्यं शिकून घे, रिफ्लेक्शन स्वतःचं स्वतः लिही. आणि पुढे इंटर्नशिपमध्ये कोणी नुसती सही आणायला पाठवलं तर म्हण, ‘सर, ऑपरेशनबद्दल तुम्ही सांगा, मी सोबत थांबते, बाकी फॉर्म मी भरते.’