व्हीएस कोड या एडिटरमध्ये स्निपेट (छोटा शब्द टाइप करून उमटवायचे कोडचे तुकडे) तयार पॅकमधून घ्यावेत की स्वतः लिहावेत?

स्वतः लिहा. तोच ट्राय-कॅच आणि टेस्टचा तोच सांगाडा रोज टाइप करून तुम्ही वैतागला आहात, हे कळतं. पण तयार एक्स्टेन्शनमधले प्रीफिक्स, म्हणजे स्निपेट बोलावणारे छोटे शब्द, दुसऱ्या कुणाला सुचलेले असतात. ते पाठ करण्यापेक्षा कोड टाइप केलेला परवडतो. वर सजेशनच्या यादीत त्यांची एवढी गर्दी होते की हवं ते फंक्शन खाली जातं.

कमांड पॅलेटमधून, म्हणजे एडिटरच्या कमांड शोधायच्या यादीतून, 'कॉन्फिगर स्निपेट्स' निवडा, मग भाषा निवडा. जी जेसन फाइल उघडेल तिच्यात प्रत्येक स्निपेटचा प्रीफिक्स आणि बॉडी (उमटणारा कोड) लिहायची. बॉडी म्हणजे अ‍ॅरे, कोडच्या एका ओळीला एक स्ट्रिंग. इंडेंटसाठी स्पेस मोजत बसू नका. टॅबचं एस्केप कॅरेक्टर (\t) द्या, एडिटर ते तुमच्या सेटिंगप्रमाणे बदलून घेतो.

खरी मजा टॅबस्टॉपमध्ये, म्हणजे कर्सर थांबायच्या जागांमध्ये, आहे. टॅब दाबला की कर्सर $1, $2 अशा क्रमाने उड्या मारतो आणि शेवटी $0 वर थांबतो. हे आकडे कोडमध्ये डावीकडून उजवीकडेच असायला हवेत, असं मात्र नाही. फॉर लूप लिहिताना मला आधी माहीत असतं ते कुठल्या लिस्टवर फिरायचंय ते. व्हेरिएबलचं नाव मागाहून सुचतं. म्हणून माझ्या स्निपेटमध्ये लिस्टला $1 आहे आणि तिच्या आधी येणाऱ्या व्हेरिएबलला $2. एकच आकडा दोन ठिकाणी दिला तर एका जागी टाइप केलेलं दुसरीकडेही उमटतं, क्लास आणि कन्स्ट्रक्टरच्या नावांसाठी हे फार सोयीचं. फाइलचं नाव, चालू वर्ष, क्लिपबोर्डवरचा मजकूर आपोआप भरणारी व्हेरिएबलंही आहेत. त्यातल्या काहींच्या नावात सुरुवातीला 'टीएम' दिसेल. ते टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरचं देणं.

पीएचपी किंवा शेल स्क्रिप्ट लिहीत असाल तर जपून. कोडमधलं डॉलरचं चिन्ह एडिटरला स्वतःसाठीच आहे असं वाटतं आणि ते गायब होतं. त्याच्या आधी बॅकस्लॅश हवा, आणि फाइल जेसन असल्यामुळे तो दोनदा: \\$.

कीबोर्ड शॉर्टकटचं म्हणाल तर प्रत्येक स्निपेटला तो देऊ नका, मोकळ्या की लवकर संपतात आणि लक्षातही राहत नाहीत. निवडलेल्या कोडभोवती काही गुंडाळायचं असेल तिथेच शॉर्टकट कामाचा, कारण तेव्हा प्रीफिक्स टाइप करायला गेलात तर निवडलेला कोडच पुसला जातो. 'सराउंड विथ स्निपेट' या कमांडला कंट्रोल-के, कंट्रोल-एस दाबून उघडणाऱ्या यादीत एखादी की जोडून टाका.

सेटिंगमध्ये 'स्निपेट सजेशन्स' टॉपवर ठेवा, म्हणजे तुमचे प्रीफिक्स यादीत वर येतील. टीमला लागणारे स्निपेट प्रोजेक्टमधल्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये ठेवून गिटमध्ये कमिट करता येतात. तिथे फक्त सगळ्यांना मान्य असलेले टाका, तुमचे स्वतःपुरते दोन अक्षरी प्रीफिक्स नकोत.