अकरा नकोत, एक

चि. स अनेक आशीर्वाद.

सदरात सुचवायच्या गोष्टींची तुझी यादी मिळाली. अकरा दुवे, प्रत्येकाखाली दीड ओळ, आणि शेवटी तुझा प्रश्न: 'काका, यातले कोणते ठेवू? आठवडाभर ऑफिसात मान वर करायला फुरसत नव्हती, धड काहीच बघून झालं नाही.' तुझ्या सदराची मला काळजी आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. धड बघितलं नसशील तर दुसऱ्याला 'जरूर पाहा' कोणत्या तोंडाने सांगणार आहेस?

यादीत लोणार आहे. 'सरोवर गुलाबी झालं तेव्हाची अफलातून दृश्यं.' बरं, मग? जून २०२० मध्ये वाहिन्यांनीही हेच केलं. वरून टिपलेलं गुलाबी पाणी दाखवलं आणि पुढच्या बातमीवर गेल्या. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले. त्यात हॅलोआर्किया सापडले. खारट पाणी मानवणारे हे सूक्ष्मजीव, आणि गुलाबी रंगद्रव्य त्यांचं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि यांचं फावलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. नमुना स्थिर ठेवला की हे जीव तळाशी बसत आणि वर नितळ पाणी उरे. म्हणजे पाणी गुलाबी झालंच नव्हतं! हे तुझ्या दीड ओळीत कुठे आहे? आणि समुद्र बुलढाण्यापासून एवढा लांब, मग लोणारचं पाणी खारट का, हा प्रश्न तुला पडलाच नाही? विवरात येणाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. ते उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात, साचत जातात. एवढं लिहिलंस तरी सदर भरलं. एक धर, आणि तळ गाठ.

'व्हॉयेजर-१ परत बोलू लागलं, भारी व्हिडिओ.' हीसुद्धा तुझीच ओळ. भारी काय आहे त्यात, सांग ना! १९७७ मध्ये सुटलेलं नासाचं हे अंतराळयान नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक शून्य-एक पाठवायला लागलं. निरोप जुळवणाऱ्या संगणकातली एक चिप गेली होती, त्याच्या मेमरीचा सुमारे ३ टक्के भाग निकामी झाला होता. यान २४ अब्ज किलोमीटरवर. दुरुस्तीला जाणार कोण? बरं, त्या भागातला प्रोग्रॅम दुसरीकडे अख्खा मावेल अशी सलग जागाही नाही. मग त्याचे तुकडे केले, जिथे जिथे मोकळी जागा होती तिथे बसवले, आणि कोणत्या तुकड्याने पुढे कुठे जायचं ते नव्याने जुळवलं. १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा हलवायची आज्ञा सुटली. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तराला तितकेच. २० तारखेला उत्तर आलं. आधी नुसती यानाची तब्येत कळली, शास्त्रीय मोजमापं मे-जूनमध्ये सुरू झाली. एका उत्तरासाठी ती माणसं दोन दोन दिवस थांबली, आणि तू चाळीस सेकंदांत पुढे सरकलीस.

रागावलोय असं समजू नकोस. तुझी नजर चांगली आहे. अकरातले सात विषय मीही उचलले असते. पण उचलायचे आणि सोडून द्यायचे, याने ना तुझ्या पदरात काही पडत ना वाचणाऱ्याच्या. (टीव्हीचं एक बरं असतं, कार्यक्रम कधीतरी संपतो. फोनला ती रीतच नाही.)

मी पुरवणीत असंच सदर चालवत होतो, हे तुला ठाऊक आहे. ते का गेलं, हे मात्र सांगितलं नसेल. वरून फर्मान आलं: वाचकाला चटपटीत हवं, पानात दहा चौकटी करा. मी एकाच विषयावर पान लावत राहिलो. सदर दुसऱ्याकडे गेलं, त्याने दहा चौकटी केल्या, आणि खोटं कशाला बोलू, लोकांना त्या आवडल्याही. मला अजून सलतं ते त्या बैठकीतलं माझं गप्प बसणं. चार वाक्यांत माझी बाजू मांडता आली असती. नंतर हट्टी म्हणून नाव पडलं ते पडलंच. पडू दे. त्या एकेका पानावर आलेली पत्रं माझ्याकडे आहेत, कुणी विहिरीचं पाणी तपासून घेतलं, कुणी माझीच माहिती दुरुस्त करून पाठवली. दहा चौकटींना असं पत्र आल्याचं मी तरी ऐकलं नाही. हे तुला सांगतोय की स्वतःलाच, देव जाणे. पण माझं म्हणणं बदललेलं नाही. एक धर.

'वेळ नाही' हे मला सांगू नकोस. अकरा गोष्टी चाळायला जेवढा वेळ गेला, त्यात एक पुरती झाली असती. आठवडा धावपळीचा असेल तर उलट एकच घे. सोमवारी जिथे 'असं का?' म्हणून थांबलीस, ती. ऑफिसला जाता-येता तेवढीच वाच. बाकीची दहा विसरलीस तरी काही बिघडत नाही, ती दुसरं कुणीतरी दाखवेलच.

या वेळी लोणार घे. जमलं तर तिथे जाऊन आलेल्या कुणाशी तरी बोल, पाण्याचा वास कसा येतो ते विचार. कच्चा मजकूर गुरुवारी रात्रीपर्यंत पाठव, म्हणजे शुक्रवारी सकाळी मला नजर टाकता येईल. शब्द जास्त झाले तर कापायला मी आहे. दुवा एकच जोड, तोही सगळ्यात शेवटी.

तुझा काका