तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

प्रश्न : आम्ही गोव्यात, बोरीला जुन्या घरात राहतो. माणसं सात. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सासरे, आम्ही दोघं आणि तीन मुलं : थोरला तेरा वर्षांचा, मधली नऊ, धाकटा तीन. सगळ्यांनी मिळून कुठं जायचं म्हटलं की दोन गाड्या काढाव्या लागतात, म्हणून आता एकच मोठी गाडी घ्यायचं चाललंय. यजमानांच्या मनात मर्सिडीजची जीएलएस भरली आहे. बीएमडब्ल्यू एक्स७ आणि व्होल्वो एक्ससी९०ही पाहून आलो. रोज मुलांना फोंड्याला शाळेत सोडायला मी जाते, आणि वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूरला माहेरी जाणं होतं. शोरूममध्ये तिन्ही गाड्या छानच वाटल्या. निवड कशी करायची?
— एक वाचक, बोरी

उत्तर : ताई, शोरूममध्ये गाडी छान वाटणारच. एसी चालू असतो, फरशी सपाट असते आणि गाडीत तुम्ही दोघंच बसलेले असता. तुमची गाडी मात्र सात माणसांची आहे. तेव्हा पहिली गोष्ट ही करा : सासू-सासरे आणि तिन्ही मुलांना घेऊन पुन्हा जा, आणि सातही जणांना बसवून निदान तासभर गाडी चालवून बघा. विकणारे कुरकुरले तरी हट्ट धरा. एवढे पैसे मोजताना हा हट्ट धरायचा तुम्हाला हक्क आहे.

मी हे इतकं जोर देऊन का सांगतो, त्याला कारण आहे. फोंड्यात माझं गॅरेज जोरात चालायचं त्या काळात एका गिऱ्हाइकाने बेळगावच्या लग्नासाठी आपली तीन रांगांची मोठी गाडी आम्हाला दिली होती. मावशीला मी स्वतः मागे बसवलं. म्हटलं, पाठीमागे तुला कोणाचा त्रास नाही, निवांत बस. केरी सोडून चोर्ल्याची वळणं लागली आणि मी आरशात पाहिलं. तिचे गुडघे पार छातीशी आले होते. एका हाताने तिने पुढच्या सीटची पाठ गच्च धरली होती आणि दुसऱ्या हाताने पदराचा बोळा तोंडाशी लावला होता. तोंडातून अवाक्षर नाही. घाटमाथ्यावर गाडी थांबवली, तर तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली. खाली उतरल्यावर म्हणाली, "बाबा, परत येताना मी कदंबाच्या बसने येईन." चूक गाडीची नव्हती, मी तिला चुकीच्या जागी बसवलं होतं. त्या दिवसापासून कोणीही सात सीटची गाडी घेतोय म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही थोडी मागे येते. तिच्या पोटाखाली मागचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी जोडणी असते, इतर यंत्रसामग्री असते, म्हणून तिथली जमीन उंच होते. जमीन वर आली पण छत तेवढंच राहिलं, की सीट ठेंगणी करावी लागते. मग मांड्यांना आधार मिळत नाही आणि गुडघे वर येतात. शिवाय घाटात गाडीचं शेपूट जास्त झुलतं, ते सगळं तिथेच जाणवतं. तुमच्या तीन गाड्यांत या बाबतीत जीएलएस उजवी आहे. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३,१३५ मिलिमीटर, आणि १.९४ मीटर उंचीचा माणूस तिसऱ्या रांगेत बसू शकतो असं कंपनी सांगते. एक्स७ व्हीलबेसमध्ये तिच्या जवळच आहे. एक्ससी९०च्या बाबतीत व्होल्वो स्वतःच म्हणते की मागची जागा १७० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसांसाठी आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण तुमचा थोरला आज तेरा वर्षांचा आहे. तीन-चार वर्षांत तो वडिलांएवढा उंच होईल, आणि अशी गाडी काही कोणी तीन वर्षांसाठी घेत नाही.

तुमच्या घरची बैठक मी अशी लावीन. यजमान चालवत असतील तर आजी पुढे, त्यांच्या बाजूला. पुढचं दार मोठं असतं, सीट मागे सरकते आणि गुडघा सरळ ठेवता येतो. या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन मिळतं, त्यामुळे गाडी उभी असताना ती थोडी खाली बसवता येते. ते बटण चढण्याआधी दाबून बघा. सासूबाईंनी आधी सीटवर बसायचं आणि मग दोन्ही पाय आत फिरवायचे. पाय आधी टाकून चढायला गेलं की ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर सगळा भार येतो. मधल्या रांगेत डावीकडे सासरे, मध्ये तुम्ही, उजवीकडे धाकट्याची चाइल्ड सीट. दोन मोठी मुलं मागे.

धाकट्याला उजवीकडेच का, तेही सांगतो. आयसोफिक्सने, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना अडकवून, चाइल्ड सीट एकदा पक्की केली की त्या बाजूची मधली सीट सहसा पुढे कलंडत नाही, म्हणजे मागे जायची वाट तिथून बंद. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते आणि मुलं डावीकडूनच चढायला हवीत, म्हणून डावी बाजू मोकळी राहिली पाहिजे. तुमची चाइल्ड सीट सोबत न्या, शोरूममध्येच बसवा आणि थोरल्याला सांगा, आता मागे जाऊन दाखव. जीएलएसची मधली सीट बटणाने, मोटारीवर सरकते. दिसायला सुंदर, पण आषाढाच्या पावसात दार उघडं ठेवून ती सरकायची वाट पाहणं वेगळं. घड्याळ लावून किती वेळ लागतो ते मोजा.

मागे बसणाऱ्या दोघांचे पट्टे. तेराच्या मुलाला पट्टा नीट बसेल, नऊच्या मुलीला बहुधा नाही. पट्टा खांद्यावरून जायच्या ऐवजी गळ्यावरून जात असेल तर तिला बूस्टर, म्हणजे बसायची उंची वाढवणारी छोटी सीट हवी, साधारण दीडशे सेंटिमीटर उंची होईपर्यंत. डोक्याची उशी वर ओढून बघा. डोकं आणि मागची काच यांच्यात किती अंतर राहतं, ते हात घालून बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बीप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर दंड आहे, पण दंडाचं सोडा. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागाची आणि मजबूतच होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांच्या तपासात आलं. आज आपण जो तीन टोकांचा पट्टा लावतो तो १९५९मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी आणला आणि कंपनीने तो सगळ्या जगाला मोकळा केला. तिन्ही रांगांत प्रत्येकाने तो लावलेला आहे हे पाहिल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा नियम तुमच्या घरात आजपासून करा. आजोबांनाही लागू.

आता सामान. इथे बहुतेक जण फसतात. सातही सीटा उभ्या असताना जीएलएसच्या डिकीत ३५५ लिटर जागा उरते, एक्स७मध्ये ३२६. बलेनोसारख्या छोट्या गाडीची डिकी ३१८ लिटरची आहे. म्हणजे पाच मीटरहून लांब गाडीत सात माणसं बसली की सामानाला उरते ती लहान गाडीएवढी जागा. कोल्हापूरला चार दिवस जाताना तुमच्या बॅगा किती होतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि येताना माहेरचा गूळ आणि तांदळाचं पोतंही असणार. टपावर बंद पेटी बसवावी लागेल, तिचा खर्च आजच धरा. चतुर्थीला मात्र ही गाडी तुम्हाला फार उपयोगी पडेल. मागच्या दोन्ही सीटा आडव्या केल्या की माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सगळं सामान, सुपारीचे घड धरून, एका फेरीत बाजारातून घरी येईल.

शेवटी तुमचं अंगण. बोरीची जुनी घरं मला माहीत आहेत : दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या गडग्यांमधून वाट, फाटकाचे खांब जवळ जवळ, आत तुळशीवृंदावन. जीएलएस ५.२ मीटर लांब आहे, आरसे धरून रुंदी दोन मीटरच्या वर, आणि पूर्ण वळायला साडेबारा मीटरच्या आसपास जागा घेते. एक्ससी९० पाच मीटरच्या जरा आत आहे. तुम्ही एक करा. सकाळी अंगण झाडून झालं की रांगोळीने ५.२ मीटर बाय २.२ मीटरचा चौकोन काढा. दोन्ही बाजूंना दारं उघडायला आणखी पाऊण-पाऊण मीटर धरा. सासूबाईंना त्या चौकोनाच्या कडेला उभं करा आणि विचारा, इथून चालत ओट्यावर येता येईल का? मग मेजर टेप घेऊन वाटेतलं सगळ्यात अरुंद ठिकाण मोजा. गडग्याचा चिरा रंगाला लागला की कसा चरचरतो, ते मी शेकडो दारांवर पाहिलं आहे.

डिझेल की पेट्रोल? तुमच्यासाठी पेट्रोल. जीएलएस आणि एक्स७ दोन्ही इंधनांत मिळतात, एक्ससी९० आपल्याकडे पेट्रोलच आहे. बीएस६ म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही काजळी जळून जायला गाडी सलग थोडा वेळ वेगात पळावी लागते. रोज बोरी ते फोंडा आणि परत, एवढ्यात इंजिन धड तापतही नाही. मग जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी उचलून वर्कशॉपला न्यावी लागते. तुम्ही महिन्यातून तीन-चारदा कोल्हापूरला जात असता तर मी डिझेल म्हटलं असतं.

माझा कौल असा : रांगोळीचा चौकोन अंगणात बसला आणि फाटकातून जीएलएस आरसे न मिटता आत आली, तर यजमानांच्या मनातली गाडी घ्या, पेट्रोलमध्ये. नाही बसली तर एक्ससी९०, आणि थोरला उंच झाला की त्याला मधल्या रांगेत आणून तुम्ही मागे जा. एक्स७ चालवायला तिघींत सगळ्यात मजेची, पण तुमच्या गरजेत ती जीएलएसपेक्षा वेगळं काही देत नाही. आणि यजमान रागावणार नसतील तर ऑर्डर देण्यापूर्वी कियाची कार्निव्हल एकदा सासूबाईंना दाखवा. तिला या गाड्यांचा मान नाही, किंमत जवळजवळ निम्मी आहे, पण दारं सरकती आहेत, जमीन खाली आहे आणि सात जण बसल्यावरही मागे खोल डिकी उरते. सासूबाई कुठल्या गाडीत कोणाचा हात न धरता चढतात, तेवढं बघा.

प्रश्न : पाच वर्षं वापरलेली अशीच एक मोठी जर्मन गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. घ्यावी का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दादा, किंमत उतरते, पण सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी जुनी झाली तरी तिचा टायर नव्या गाडीच्याच दराने येतो. पुढच्या-मागच्या टायरांचं माप वेगळं असेल तर आलटून-पालटूनही लावता येत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा.

सगळ्यात मोठं कलम हवेच्या सस्पेन्शनचं. मालकाला विनंती करून गाडी एक रात्र सपाट जागेवर उभी ठेवा. संध्याकाळी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहा. सकाळी, गाडी चालू करण्याआधी, पुन्हा मोजा. चारही आकडे तेच आले तर उत्तम. एखादा कोपरा बोटभर खाली गेला असेल तर त्या बाजूने हवा गळते आहे, आणि ती भरत राहण्यात कंप्रेसरही दमलेला असणार. दोन्ही बदलायचा लेखी अंदाज घ्या आणि तो किमतीतून वजा करायला सांगा.

गाडी किनाऱ्याजवळ राहिलेली असेल तर लिफ्टवर घेऊन खालून बघा, ब्रेकचे पाइप आणि बोल्ट खाऱ्या हवेने गंजतात. बॉनेट उघडून वायरी बघा, पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर त्या कुरतडतात. आणि तिसऱ्या रांगेची जमीन, गालिचा उचलून, हाताने दाबून बघा. ओल लागली, कुबट वास आला, तर ती गाडी कधीतरी पाण्यात उभी राहिली आहे. तसं असेल तर भाव कितीही पाडून दिला तरी घेऊ नका.