गोल्ड सर्टिफिकेट लॉबीत, ऊन बेडरूममध्ये

वाचकांचे प्रश्न : घर आणि बांधकाम

उन्हाळ्यामुळे असेल, पण या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न उकाड्याचे आणि 'ग्रीन' बिल्डिंगचे आलेत. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला टू बीएचके बघतोय. ब्रोशरवर आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग काउन्सिल) प्री-सर्टिफाइड गोल्ड असं छापलंय, सेल्सवाला म्हणतो सस्टेनेबल बिल्डिंग आहे, लाइट बिल कमी येईल, आणि रेटही त्याच हिशोबाने चढा आहे. यात तथ्य असतं का, की हे नवीन फॅड आहे?
— एक वाचक भगिनी, ठाणे पश्चिम

उत्तर : ताई, फॅड अजिबात नाही. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत, तिथे एकदा पावसाळ्यात जाऊन बघा, लेण्यांच्या वर कातळात पन्हळी खोदल्यात, डोंगरावरून येणारं पाणी त्यातून वळवून लेण्यांच्या तोंडाशी कोरलेल्या टाक्यांमध्ये आणलंय, आणि तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. म्हणजे आज ज्याला रेनवॉटर हार्वेस्टिंग म्हणून ब्रोशरमध्ये वेगळं पान मिळतं ते भिक्षूंनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवलंय, आणि त्यांच्या दारात टँकर येणार नव्हता म्हणून केलंय.

मधल्या काळात आपण हे विसरलो त्याचं कारण सरळ आहे, वीज आणि तेल स्वस्त होतं. 1902 मध्ये अमेरिकेत विलिस कॅरियरने छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणायला एक यंत्र बनवलं, त्यातून पुढे एसी आला, आणि मग इमारत कुठेही, कशीही, कुठल्याही दिशेला तोंड करून बांधा, आतली हवा मशीन सांभाळेल असा कारभार सुरू झाला. थंड देशात काचेची भिंत ठीक आहे हो, तिथे ऊन आत कोंडायचंच असतं. तीच काच आपण ऐरोली-महापेच्या ऑफिसांना लावली आणि आत आलेली उष्णता बाहेर काढायला चोवीस तास चिलर, म्हणजे मोठे एसी, चालवतो.

1973 ला अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले, तेव्हा पाश्चात्त्य देशांना जाग आली आणि इमारतींमधली वीज कशी वाचेल यावर जोरात काम सुरू झालं. 1987 चा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा ब्रुंटलँड अहवाल म्हणाला की आजची गरज भागवा पण पुढच्या पिढ्यांची वाट लावून नको. 1990 मध्ये ब्रिटनमध्ये ब्रीम आलं, म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे याचे मार्क देणारी पद्धत, 1998 मध्ये अमेरिकेत तसंच लीड, आपल्याकडे 2001 मध्ये आयजीबीसी आणि नंतर टेरी या दिल्लीच्या संस्थेचं 'गृह' रेटिंग. हैदराबादची सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरची इमारत 2003 मध्ये लीड प्लॅटिनम झाली, अमेरिकेबाहेरची ती पहिलीच. तर सर्टिफिकेट ही वस्तू नवी, विचार जुना.

आता तुमचं गोल्ड. प्री-सर्टिफिकेशन मिळतं ते डिझाइनला, म्हणजे कागदावर, फायनल मिळतं इमारत उभी राहिल्यावर. ते कधी मिळणार आणि नाही मिळालं तर काय, हे लेखी विचारा. आणि हेही माहीत असू द्या की आपल्या राज्यातल्या बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंगवर बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची मुभा, मिळतो, 3, 5 किंवा 7 टक्के, म्हणजे त्याचा मोबदला त्याला एका बाजूने मिळालेला असतोच, त्यामुळे रेटवर घासाघीस करताना अजिबात लाजू नका. शिवाय पॉइंट वेगवेगळ्या खात्यांचे असतात, पाणी, वीज, साहित्य, कचरा वगैरे. एखाद्या बिल्डिंगला बाकी सगळीकडे छान मार्क पडतील आणि तुमची बेडरूम तरीही तापेल, कारण रेटिंग सगळ्या प्रोजेक्टचं असतं आणि तुम्ही राहणार एका फ्लॅटमध्ये.

म्हणून संध्याकाळी पाचला साइटवर जा, सकाळी नको, सेल्सवाला सकाळीच बोलावतो. आपण 19 अंश अक्षांशावर आहोत, 16 मेच्या आसपास आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर, तेव्हा भिंतींना ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळं स्लॅबवर. भिंतीला त्रास देतो तो तिरपा सूर्य, म्हणजे सकाळी पूर्वेचा आणि दुपारनंतर पश्चिमेचा. मे महिन्यात पाचला सूर्य इतका खाली आलेला असतो की पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तरी सावली जेमतेम फूटभर पडते, खालची सगळी काच उन्हात. दक्षिणेच्या खिडकीला हा त्रास नाही, मेच्या दुपारी तिथे ऊन नसतंच, आणि डिसेंबरात जे येतं ते कोणाला नको असतं?

पण पश्चिम बंदही करता येत नाही, कारण वारा तिकडूनच येतो. म्हणून तिथे जाळी, उभे लूव्हर (तिरप्या पट्ट्या), खोल बाल्कनी किंवा बांबूची चिक, जे ऊन अडवेल आणि वारा सोडेल ते. आणि खोलीला दोन वेगवेगळ्या भिंतींना खिडक्या आहेत का ते बघा, एकाच भिंतीला दोन असल्या तर वारा आत येऊन जाणार कुठे? मला निवडायचं असेल तर सर्टिफिकेट नसलेला, दोन बाजूंनी उघडा फ्लॅट मी पश्चिमेच्या काचेच्या गोल्ड फ्लॅटपेक्षा आधी घेईन.

प्रश्न : आमची सोसायटी चार मजली, आम्ही वरच्या मजल्यावर. रात्री बारालासुद्धा छत गरम असतं. कमिटी म्हणते गच्चीवर पत्रा टाकू, काही जण म्हणतात सोलर लावू, काही पांढरा रंग. नेमकं काय करावं?
— ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

उत्तर : काका, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते तुमच्या अंगावर सोडतो. त्यामुळे ऊन स्लॅबपर्यंत पोचूच न देणं हे पहिलं, पोचलं तर परत पाठवणं हे दुसरं, पंखे-एसी नंतर.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग. पण आधी गळती काढून घ्या, ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफिंग थराला, भेगा असतील तर वर रंग मारून पैसे पाण्यात. आणि दरवर्षी पाऊस संपला की गच्ची घासून धुवायची, शेवाळ आणि धूळ बसली की पांढरा राखाडी होतो आणि परतवणं थांबतं. मला चायना मोझॅक आवडतो, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेली जुनी गच्ची, नीट केलेली असेल तर वर्षानुवर्षं टिकते, पण त्याचं वजन वाढतं म्हणून जुन्या बिल्डिंगला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गच्चीवर माती टाकून बाग करायची हौस असेल तर दुप्पट विचारा.

पत्र्याला महापालिकेची परवानगी लागते, आणि साधा पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकतो, तो उंच आणि बाजूंनी मोकळा असेल तरच उपयोग. त्यापेक्षा तेवढ्याच उंचीवर सोलर पॅनल लावा ना, सावलीही मिळेल आणि वीजही. साधारण 1 किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा आणि रोजची सरासरी 4 युनिट, पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल उतरतं. पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडणार नाही एवढं मात्र स्वतः उभं राहून बघा, व्हेंडर बघेलच असं नाही.

तुमच्या गच्चीचं पाणीपण वाया जातंय बरं का. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे 100 चौरस मीटर गच्चीवर अडीच लाख लिटर, त्यातलं थोडं सुटलं धरलं तरी दोन लाख. बोअरवेलला फिल्टर लावून सोडा.

प्रश्न : गावचं घर चिऱ्याचं आणि कौलारू, मेमध्येही थंड असतं. मग शहरात आपण मातीची, चिऱ्याची घरं का बांधत नाही?
— कॉलेज विद्यार्थी, सीबीडी बेलापूर

उत्तर : कारण शहरात वीस मजले बांधायचे असतात, चिरा तेवढा भार घेत नाही. पण गावच्या घराची युक्ती नुसत्या चिऱ्यात नाहीये. छप्पर उतरतं, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, पडवीमुळे आतल्या भिंतीला ऊन लागतच नाही, छप्पर आणि खोली यांच्या मध्ये माळ्याची हवा असते आणि कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाते. (आपण ज्यांना मंगलोरी म्हणतो ती कौलं बाझल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढून सुरू केली, म्हणजे 'पारंपरिक'सुद्धा कधीतरी नवीन असतं.) येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती अजून दिसतात, त्यासुद्धा श्वास घेतात.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात हेच विटांनी केलं. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची, तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात, विटा जवळपास पावपट कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता उशिरा आत येते.

आणि तू तर बेलापूरला राहतोस! सेक्टर आठमधल्या आर्टिस्ट व्हिलेजला एक चक्कर मार. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ही घरांची वसाहत सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलीय. सात घरं मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून एक मोठं अंगण, आणि शेजारच्या घराशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला पैसे आले त्याने स्वतःचं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही, बरीचशी मूळ उतरत्या छपराची घरं जाऊन तिथे काँक्रीटचे मजले आलेत. काही आर्किटेक्ट त्यावर हळहळतात, मला तसं वाटत नाही, घर वाढणार हे गृहीत धरूनच तो प्लॅन केला होता. सिमेंटचे मजले आले तरी अंगणं बरीचशी शाबूत आहेत, तिथे दुपारी उभा राहा आणि मग बाहेरच्या रस्त्यावर ये.

प्रश्न : नौपाड्यातली आमची बिल्डिंग चाळीस वर्षांची. रीडेव्हलपमेंट पर्यावरणाला चांगलं की वाईट?
— सोसायटी सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : पाडणं महाग पडतं, निसर्गालाही. जगातल्या कार्बन उत्सर्जनातला साधारण 8 टक्के वाटा एकट्या सिमेंटचा धरतात, तुमची जुनी बिल्डिंग पाडली की ती बांधताना खर्च झालेलं सगळं डेब्रिजमध्ये आणि नवीन काँक्रीट वरून. त्यामुळे आधी स्ट्रक्चरल ऑडिट, आणि ते बिल्डरने आणलेल्या माणसाकडून नको. दुरुस्तीने वीस वर्षं निघत असतील तर दुरुस्ती. धोकादायक निघाली तर पाडायलाच हवी, मग करारात एवढं लिहून घ्या : जुनी सागवानी दारं-खिडक्या वेगळ्या काढायच्या, डेब्रिज रिसायकलिंगला द्यायचं आणि त्याची पावती सोसायटीला, सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅगचं मिश्रण, आणि आवारातलं जुनं झाड ज्या कोपऱ्यात आहे त्या कोपऱ्यात पोडियम पार्किंग, म्हणजे इमारतीच्या पायथ्याशी बांधलेलं स्लॅबचं पार्किंग, नाही.