चौकटीत कोण, आणि कोणाच्या परवानगीने

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या कंट्री संगीताच्या वळणाचे व्हिडिओ आणि त्यांतील वंशाचे प्रतिनिधित्व या विषयावरील तुझ्या लघुप्रबंधाचा पहिला मसुदा सावकाश वाचला. विषय उत्तम निवडला आहेस आणि घेतलेले कष्ट पानोपानी दिसतात. परंतु ज्या तक्त्यावर सारी मांडणी उभी आहे, त्यात कोणत्या व्हिडिओत कृष्णवर्णीय चेहरे किती आणि गोरे किती, एवढीच मोजदाद आहे, आणि माझी मुख्य हरकत तिथेच आहे. तो चेहरा तिथे कोणत्या नात्याने आला आहे, ती जागा कोणाची मानली आहे आणि त्याला आत कोणी घेतले आहे, हे आकड्यांत येत नाही. तक्ता परिशिष्टात जाऊ दे.

लिल नास एक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकाच्या ‘ओल्ड टाउन रोड’ या गाण्याचे उदाहरण घे. तुझ्या तक्त्यात या व्हिडिओला ‘प्रमुख भूमिकेत कृष्णवर्णीय’ अशी नोंद मिळाली आहे आणि विषय तिथेच संपला आहे. आता कॅल्मॅटिक या दिग्दर्शकाने केलेली सुरुवात नीट पाहा. साल १८८९. दोन घोडेस्वार, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, लुटीची थैली घेऊन पळत आहेत. एका घरापाशी थांबताना लिल नास एक्स म्हणतो की मागच्या वेळी इथल्या लोकांनी परक्यांचे फारसे स्वागत केले नव्हते, आणि बिली रे सायरस त्याला धीर देतो की या खेपेला तू माझ्यासोबत आहेस. त्यानंतर लगेच गोळ्या सुटतात. या दोन वाक्यांत त्या गाण्याची सारी हकिगत आली आहे. मूळ गाणे मार्च २०१९ मध्ये बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत आले आणि लगेच काढले गेले. आजच्या कंट्री संगीताची पुरेशी लक्षणे त्यात नाहीत, असे कारण बिलबोर्डने दिले आणि गायकाच्या वंशाशी या निर्णयाचा संबंध नसल्याचेही सांगितले. एप्रिलमध्ये सायरस या नामवंत गोऱ्या कंट्री गायकाला सोबत घेऊन नवी आवृत्ती निघाली आणि मे महिन्यात हा व्हिडिओ आला. गाणे बिलबोर्डच्या सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या कंट्री यादीत मात्र त्याला पुन्हा घेतले गेले नाही. म्हणजे सोबतीला गोरा माणूस असला की वाट मोकळी होते, हा भरवसा व्हिडिओ आधी उच्चारतो आणि पुढच्याच क्षणी तो किती पोकळ आहे, हे दाखवतो. तुझ्या विवेचनाचा गाभा या जागी असायला हवा.

त्याच दृश्यमालेत पाठलाग करणाऱ्या टोळीचा म्होरक्या विनोदी नट क्रिस रॉक आहे, म्हणजे तोही कृष्णवर्णीय. तू याला ‘गमतीची भर’ म्हटले आहेस. मला ते पटत नाही. १८८९ साली आजच्या ओक्लाहोमाच्या मुलखात बास रीव्ह्ज हा गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय मनुष्य डेप्युटी मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी, म्हणून खरोखरच गुन्हेगारांच्या मागावर फिरत होता. गुराख्यांमध्येही कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती, आणि ज्याच्यामुळे रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या स्पर्धेत, बैलाला शिंगांनी धरून लोळवण्याचा प्रकार रूढ झाला, तो बिल पिकेटही कृष्णवर्णीयच. पडद्यावरचा गुराखी गोरा झाला तो वेस्टर्न चित्रपटांमुळे. तेव्हा टोपी घालून घोड्यावर बसलेला कृष्णवर्णीय तरुण पाहून प्रेक्षकाला जे आश्चर्य वाटते, ते कुठून येते, हे तू लिहायला हवेस. त्या आश्चर्यालाच इतिहास आहे.

दुसरा मुद्दा आवाज आणि चेहरा यांच्या ताटातुटीचा. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय कंट्री गायकाचे पहिले ध्वनिमुद्रण आरसीए या कंपनीने १९६६ साली रेडिओ केंद्रांकडे पाठवले तेव्हा सोबत नेहमीचे छायाचित्र पाठवले नव्हते. आवाज आधी कानांवर पडावा आणि रंग नंतर कळावा, असा तो हिशोब होता. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच गायकाला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम कलाकाराचा सन्मान मिळाला. आता २०१३ सालचे अविची या स्वीडिश संगीतकाराचे ‘वेक मी अप’ पाहा. ॲकॉस्टिक गिटारच्या कंट्री ढंगावर बेतलेल्या त्या नृत्यगीतातला आवाज कृष्णवर्णीय गायक अलो ब्लॅकचा आहे, पण अधिकृत व्हिडिओच्या कथेत दिसतात त्या एका गावात परक्या ठरलेल्या दोन गोऱ्या मुली. उपरेपणाची व्यथा कृष्णवर्णीय गळ्यातून ऐकू येते आणि चेहरा मात्र दुसऱ्यांचा दिसतो. पुढे अलो ब्लॅकने स्वतःच्या साध्या आवृत्तीचा वेगळा व्हिडिओ दिग्दर्शक ॲलेक्स रिव्हेराकडून करून घेतला आणि त्यात कागदपत्रांविना अमेरिकेत राहणाऱ्या स्थलांतरितांची ताटातूट दाखवली. हे दोन व्हिडिओ शेजारी ठेवून लिही. या जोडीतून जे निघेल, ते वीस व्हिडिओंच्या मोजणीतून निघणार नाही.

पार्श्वभूमीचा इतिहास थोडक्यात आटोप. बँजो या तंतुवाद्याचे मूळ गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे, आणि १९२०च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीयांसाठी एक आणि ग्रामीण गोऱ्यांसाठी दुसरी अशा वेगळ्या याद्या केल्या, एवढे दीड पानात सांगता येईल. एकमेकांकडून शिकलेले वादक त्या विभागणीने दोन कप्प्यांत गेले.

सर्वांत जास्त सावधपणे लिहायचे ते प्रकरण गोरा कंट्री गायक जेसन ॲल्डीनच्या ‘ट्राय दॅट इन अ स्मॉल टाउन’ या गाण्याचे. जुलै २०२३ मधील या व्हिडिओत तो आणि त्याचा वाद्यवृंद रात्रीच्या वेळी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील कोलंबिया गावच्या न्यायालयासमोर उभे आहेत, इमारतीवर मोठा राष्ट्रध्वज आहे आणि मधूनमधून निदर्शनांची व दंगलींची दृश्ये येतात. या न्यायालयापाशी १९२७ साली हेन्री चोट या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फाशी दिली. त्याच गावात १९४६ मध्ये वांशिक हिंसाचार झाला, आणि त्यातील आरोपींच्या बचावासाठी आलेले कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल स्वतः जमावाच्या तावडीतून थोडक्यात वाचले. कंट्री संगीताच्या सीएमटी वाहिनीने व्हिडिओ दाखवणे थांबवले, आणि गाणे मात्र बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गायकाचे म्हणणे असे की शब्दांत वंशाचा उल्लेख कुठेही नाही. निर्मात्यांचे म्हणणे असे की ती जागा चित्रीकरणासाठी नेहमीच वापरली जाते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तू त्या तशाच नोंदवायला हव्यास. त्याच्या मनात काय होते, याचा निवाडा करण्याच्या फंदात पडू नकोस. तुझ्या मसुद्यात तो आहे आणि त्याला पुरावा नाही. तुझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. शब्दांत नसलेला वंश चित्रात कुठून आला? गावाच्या शिस्तीला धोका म्हणून कोणते चेहरे दाखवले आणि गाव म्हणून कोणते? जिथे जमावाने न्याय हातात घेतला, त्याच भिंतीसमोर ‘आमच्या गावात हे करून दाखवा’ असे म्हटल्यावर ती भिंत काय बोलते? हे प्रश्न गायकाच्या हेतूवर अवलंबून नाहीत, म्हणूनच त्यांची उत्तरे पुराव्यानिशी देता येतात.

तू प्रस्तावनेत वंश आणि जात यांची तुलना मांडली आहेस. त्यामागची तळमळ मला समजते, आणि या नात्याला आपल्याकडे आधारही आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच नाव घेतले होते. परंतु तुलना एका परिच्छेदात ठेव. टेनेसीच्या न्यायालयाची गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यात ओतलीस, तर हेन्री चोटच्या मृत्यूचा तपशील पुसला जाईल, आणि त्याच्याशी असे वागण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कृष्णवर्णीय गायिका बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ या अल्बमसाठी तू एक पूर्ण प्रकरण राखले आहेस. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार ठरली, हे महत्त्वाचे आहेच. पण तुझा विषय व्हिडिओ हा आहे, आणि त्या अल्बमची सर्वाधिक चर्चिली गेलेली प्रतिमा मुखपृष्ठावरची आहे: पांढरा घोडा, हातात ध्वज. ती उपसंहारात घे.

सुधारित मसुद्याआधी एक काम कर. ‘ओल्ड टाउन रोड’चा शेवट बिंगोच्या सभागृहात होतो, तिथे बहुतांशी वृद्ध गोरी माणसे बसली आहेत आणि लिल नास एक्स झगमगीत काउबॉय पोशाखात त्यांच्यापुढे गातो. तो भाग आवाज बंद करून पाहा आणि शॉटमागून शॉट कागदावर उतरव: कॅमेरा प्रथम कोणाकडे वळतो, थिजलेले चेहरे कधी हलू लागतात, आणि गायकाचे यश आपल्याला कोणाच्या डोळ्यांतून दाखवले जाते. मत देऊ नकोस, फक्त वर्णन कर. ती चार पाने आधी पाठव. त्यावर बोलून मग दुसऱ्या प्रकरणाला हात घालू.

कळावे.
तुझा मार्गदर्शक